हजार कोटींचा सिनेमा आणि सोलापुरातलं 177 रुपयांचं तिकीट

2024 च्या जुलैत, आषाढी एकादशी तोंडावर आलेली असताना, ‘कल्की 2898 एडी’ या तेलुगू विज्ञानकथापटाचं एक पोस्टर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. त्यावर सर्वांत ठळक होता एक आकडा, 1000 कोटी. निर्मात्यांनीच जाहीर केलेला, जगभरातल्या गल्ल्याचा. या सिनेमाचा खर्च सुमारे 600 कोटी असल्याची चर्चा आधीपासून होती. मग चहाच्या टपरीवर हिशोब व्हायला किती वेळ लागतो? हजारातून सहाशे गेले, उरले चारशे. निर्माता चारशे कोटींनी मालामाल!

हा हिशोब साफ चुकीचा आहे. नुसत्या तिकीटविक्रीवर बघितलं तर हजार कोटींचा गल्ला करूनही असा सिनेमा तोट्यात असू शकतो. हे कसं, ते समजून घ्यायचं तर सिनेमा बनतो कसा, विकला जातो कसा आणि आपण दिलेले पैसे कुठे कुठे वाटले जातात, हे सगळं पाहावं लागेल. उदाहरण ‘कल्की’चंच घेऊ, कारण सोलापूरला तो परका नाही. अशोक चौक, दाजी पेठ, भद्रावती पेठ या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज राहतो. मागावर चादर आणि टॉवेल विणणाऱ्या या वस्तीत तेलुगू हिरोंचे चाहते हैदराबादइतकेच कट्टर सापडतात. शिवाय शहरातून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 65, हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे निघाला की त्याच रस्त्याला रामोजी फिल्म सिटी लागते. ‘कल्की’चं बरंचसं शूटिंग तिथेच झालं.

भविष्यकाळ महाग का पडतो

गावातली प्रेमकथा काढायची तर गाव, नदी, विहीर आयती मिळते. करमाळ्याच्या परिसरात चित्रीकरण झालेल्या ‘सैराट’ने हे दाखवून दिलंच आहे. विज्ञानकथेत आयतं काहीच मिळत नाही. 2898 सालच्या काशीतली खुर्ची कशी असेल, दिवा कसा असेल, चिलखत, गाडीचं चाक, हे एकेक कुणीतरी कागदावर काढावं लागतं, मग कुणीतरी बनवावं लागतं. दिग्दर्शक नाग अश्विन यांच्या टीमने चाकाचा आकार ठरवण्यावरूनच एक गमतीशीर व्हिडिओ काढून प्रदर्शनाच्या दीड वर्ष आधी लोकांपुढे ठेवला होता. सिनेमाची घोषणा झाली 2020 च्या सुरुवातीला, अमिताभ बच्चन यांच्यावर मुहूर्ताचा शॉट झाला जुलै 2021 मध्ये गुरुपौर्णिमेला आणि सिनेमा लागला 27 जून 2024 ला. या चार वर्षांत पैसा अडकून पडतो. सिनेमाला लागणारं भांडवल बऱ्याचदा व्याजाचं असतं, त्यामुळे काम एक महिना लांबलं तरी बजेट फुगतं. पडद्यावर एक नवी चौकट (फ्रेम) दिसत नाही, खर्च मात्र होतो.

सगळ्यात जास्त गैरसमज व्हीएफएक्सबद्दल, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांबद्दल आहेत. ‘कॉम्प्युटरवर केलंय’ असं आपण सहज म्हणून जातो, जणू बटण दाबलं की राक्षसी इमारत उभी राहते. प्रत्यक्षात सुरुवात शूटिंगच्या कितीतरी आधी होते. अख्खा प्रसंग ओबडधोबड ॲनिमेशनमध्ये करून बघतात. कॅमेरा कुठून येईल, नट कुठे उभा राहील, कुठला भाग सेटवर बांधायचा आणि कुठला नंतर संगणकात भरायचा, हे तिथेच ठरतं. सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. जेकार्ड चादरीत नक्षी आधी आलेखाच्या कागदावर ठरते, त्याबरहुकूम कार्डांना भोकं पाडली जातात आणि मगच माग चालतो. चालत्या मागावर मोर बदलून कमळ करता येत नाही. करायचंच म्हटलं तर नवी कार्डं, नवा खर्च. सिनेमातही शूटिंग झाल्यावर दिग्दर्शकाचं मन बदललं की व्हीएफएक्सचं बिल वाढतं.

मग नट निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढे उभा राहून काम करतो. हा रंग माणसाच्या कातडीत जवळपास नसतो, म्हणून संगणकाला तो वेगळा काढता येतो. पण केसांची बट हलली, धूळ उडाली, नटाच्या गालावर हिरवी झाक पडली की यंत्राची मती गुंग होते. तिथे माणसं बसतात आणि प्रत्येक चौकटीत नटाची कड हाताने कापून काढतात. याला रोटो म्हणतात. हॉलिवूडच्या भल्याभल्या सिनेमांचं हे किचकट काम मुंबई, हैदराबाद, चेन्नईतल्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं होत आलंय. श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी, लोक उठून पार्किंगकडे निघालेले असताना, बारीक अक्षरांत सरकत जाणारी शेकडो भारतीय नावं त्यांचीच.

कापलेल्या नटामागे जे जग घालायचं, ते आधी त्रिमितीत घडवतात, त्याला गंज, धूळ, भेगा देतात, मग उजेड देतात. शूटिंगच्या वेळी खरा कॅमेरा जसा हलला तसाच संगणकातला कॅमेराही हलावा लागतो. तो केसभर चुकला तरी नट जमिनीवर तरंगल्यासारखा दिसतो. शेवटी संगणक प्रत्येक चौकटीचा उजेड आणि सावली मोजून चित्र तयार करतो. त्याला रेंडर म्हणतात आणि अवघड चौकट असेल तर एकेका चित्राला तासन्‌तास लागतात. सेकंदाला 24 चित्रं. ‘कल्की’ची लांबी 181 मिनिटं, म्हणजे एकूण अडीच लाखांहून जास्त चित्रं झाली. त्यातल्या सगळ्यांवर असं काम नसतं, पण निम्म्यांवर जरी असलं तरी मनुष्यबळ आणि यंत्रं किती लागतील याचा अंदाज करा.

त्यातही माणसाचा चेहरा सर्वांत अवघड. महाभारताच्या प्रसंगात तरुण अश्वत्थामा म्हणून अमिताभ बच्चन यांना संगणकाने तरुण केलंय. हा चेहरा आपण पन्नास वर्षं बघतोय, त्यामुळे ओठाची हालचाल जराशी खोटी वाटली तरी डोळ्यांना खुपते. इमारत खोटी असली तर आपण चालवून घेतो, ओळखीचा माणूस खोटा असलेला चालत नाही. कृष्णाच्या बाबतीत सिनेमाने हा प्रश्न उत्पन्नच होऊ दिला नाही. चेहरा दाखवलाच नाही. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला हा सर्वांत शहाणा निर्णय. त्यात पैसा वाचला, वादाला जागा राहिली नाही आणि भाविकाच्या मनातला कृष्ण होता तसाच राहिला.

विज्ञानकथेत महाभारत कशाला?

नाक मुरडणारे म्हणाले, ही कसली विज्ञानकथा, हे तर पुराण. पण व्यापाराच्या बाजूने बघा. नवं जग उभारलं की त्याचे नियम प्रेक्षकाला शिकवावे लागतात आणि त्यात तासभर जातो. अश्वत्थामा कोण, हे मात्र कुणाला सांगावं लागत नाही. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा मराठी घरात आजीच्या तोंडून ऐकलेला असतो, तेलुगू घरातही तो परका नाही. परंपरेप्रमाणे कलियुगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व 3102 मध्ये धरतात. त्यात 2898 मिळवले की बरोबर 6000 वर्षं होतात. शीर्षकातलं साल आलं ते तिथून.

तेलुगू सिनेमात विज्ञानकथेचं हे पहिलं पाऊल नव्हे. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी 1991 मध्ये ‘आदित्य 369’मध्ये नायकाला कालयंत्रात बसवून कृष्णदेवरायाच्या दरबारात नेऊन सोडलं होतं. तेच सिंगीतम ‘कल्की’चे मार्गदर्शक म्हणून जोडले गेले. तेव्हाही जुन्या, ओळखीच्या गोष्टीचा आधार घेतला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गाडी फिरवली, अंदाज बांधला

जाहिरातीत ‘कल्की’वाल्यांनी एकेक गोष्ट टप्प्याटप्प्याने बाहेर काढली. कित्येक वर्षं नाव नुसतं ‘प्रोजेक्ट के’ होतं. के म्हणजे काय, यावर लोक पैजा लावत राहिले. जुलै 2023 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात खरं नाव जाहीर केलं. पूर्व भागातल्या प्रेक्षकाला सॅन डिएगोशी काय देणंघेणं? थेट काहीच नाही. पण ‘आपला’ सिनेमा तिकडे पोचला ही बातमी इकडच्या चाहत्याला चढते आणि परदेशातल्या वितरकालाही गिऱ्हाईक तयार असल्याचं कळतं. एका दगडात दोन पक्षी.

एप्रिल 2024 मध्ये बच्चन यांचं अश्वत्थाम्याचं रूप उघड केलं ते मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या नेमावरला. अश्वत्थामा अजून नर्मदेच्या परिसरात भटकतो, अशी लोकांची श्रद्धा आहे, म्हणून जागा ती निवडली. आणि मे महिन्यात आली बुज्जी. नायकाची ही बोलकी गाडी नुसती संगणकात ठेवली असती तरी सिनेमा झाला असता. त्यांनी ती खरोखर बनवली. मार्च 2022 मध्ये दिग्दर्शकाने ट्विटरवर आनंद महिंद्रा यांच्याकडे जाहीरपणे मदत मागितली होती. पुढे महिंद्राचे अभियंते आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्ह यांनी मिळून सुमारे सहा टनांची, विजेवर चालणारी गाडी उभी केली. पुढे दोन प्रचंड चाकं आणि मागे चेंडूसारखं गोल चाक. रामोजी फिल्म सिटीत तिचं अनावरण झालं, मग ती शहराशहरांत फिरली आणि लोकांनी तिच्याबरोबर सेल्फी काढले. जाहिरातीच्या फलकावर खर्चलेला पैसा महिन्यात वाया जातो. गाडीचं मात्र पडद्यावर काम झालं, रस्त्यावर झालं आणि बातम्यांतही झालं. तिच्यावर आणि नायकावर बेतलेली छोटी ॲनिमेशन मालिकासुद्धा सिनेमाच्या आधी प्राइम व्हिडिओवर टाकली.

एवढा आटापिटा करण्यामागे एक भीती होती. नायक प्रभास. 2023 मध्ये त्याचाच ‘आदिपुरुष’ व्हीएफएक्सपायी हास्यास्पद ठरला होता. टीझर आल्याआल्या लोकांनी अशी खिल्ली उडवली की प्रदर्शन पाच महिने पुढे ढकलून दुरुस्ती करावी लागली आणि तरी निभावलं नाही. त्यानंतर प्रेक्षक ‘बघू तरी कसं दिसतंय’ अशा संशयाने बघत होता. खरी, लोखंडाची गाडी दाखवणं हे त्या संशयाला दिलेलं उत्तर होतं.

तारखेचंही एक गणित असतं. आधी ठरली होती 12 जानेवारी 2024, संक्रांतीची. तेलुगू सिनेमाची ही सुगी, आणि इकडे सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. ती हुकली. मग 9 मे ठरली. ‘कल्की’चे निर्माते, वैजयंती मूव्हीजचे अश्विनी दत्त यांचे आधीचे गाजलेले सिनेमे याच तारखेला लागले होते, म्हणून ती त्यांना लाभाची वाटते. पण लोकसभेच्या निवडणुका आल्या. सोलापुरात मतदान 7 मे ला, आंध्र-तेलंगणात 13 मे ला. अख्खं राज्य प्रचारात आणि मतमोजणीच्या चर्चेत बुडालेलं असताना सहाशे कोटींचा पत्ता कोण टाकणार? शेवटी 27 जूनचा गुरुवार ठरला. शुक्रवारऐवजी गुरुवार घेतला की पहिला शनिवार-रविवार चार दिवसांचा होतो.

आता ते 177 रुपये

पूर्वी टॉकीजमध्ये पिक्चर पेटीतून यायचा. रिळांची पेटी एसटीने, रेल्वेने फिरायची आणि मोठ्या शहरात चालून चालून ओरखडे पडलेली प्रिंट आपल्याकडे उशिरा पोचायची. आता सिनेमा डिजिटल फाइलच्या रूपात येतो. त्या फाइलला कुलूप असतं आणि ठरावीक पडद्यावर, ठरावीक तारखांपुरतीच उघडेल अशी किल्ली वेगळी पाठवतात. व्यवहार पुरा झाला नाही तर किल्ली येत नाही आणि फाइल हातात असूनही शो लागत नाही. या सोयीमुळेच मुंबई, हैदराबाद आणि सोलापूरचा पहिला दिवस एक झाला. हजार कोटींचा गल्ला दोन-तीन आठवड्यांत जमतो तो त्यामुळेच. पन्नास आठवडे एका टॉकीजला चालण्याची गरज राहिली नाही, एकाच दिवशी हजारो पडद्यांवर लागलं की झालं.

समजा तुम्ही 177 रुपयांचं तिकीट काढलंत. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी आहे. (त्या वेळी शंभरपर्यंतच्या तिकिटाला 12 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्क्यांवर आला.) म्हणजे 27 रुपये सरकारचे, उरले 150. पोस्टरवरच्या हजार कोटींत तुमचे पूर्ण 177 मोजलेले असतात, कारण तो ‘ग्रॉस’ आकडा. कर वजा करून जो राहतो तो ‘नेट’. हिंदी सिनेमाचे आकडे आपल्याकडे पूर्वापार नेटमध्ये सांगायची पद्धत आणि दक्षिणेकडे ग्रॉसमध्ये. दोघांचे चाहते समाजमाध्यमांवर भांडतात तेव्हा निम्म्या वेळा वेगळी मापं घेऊन भांडत असतात. ऑनलाइन तिकिटावरचा सुविधा आकार यात धरतच नाहीत, तो बुकिंग करणाऱ्या कंपनीचा.

आता 150 चे वाटे. मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात 2009 मध्ये मोठा संप झाला, कित्येक आठवडे नवे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. त्यातून जे सूत्र ठरलं ते ढोबळमानाने असं: पहिल्या आठवड्यात वितरकाला 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, पुढे 30. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या तिकिटातले 75 रुपये थिएटरकडे राहिले आणि 75 वितरकाकडे गेले. तेच तिकीट तुम्ही चौथ्या आठवड्यात काढलंत तर वितरकाला 45 च मिळतात. पहिल्या तीन-चार दिवसांत सगळ्यांना खेचून आणायचा निर्मात्याचा जीव तोडून प्रयत्न का असतो, हे यावरून कळावं. जुन्या एकपडदा टॉकीजमध्ये कधी टक्केवारी चालते, कधी आठवड्याचं ठरावीक भाडं. आणि थिएटरचा खरा जीव पॉपकॉर्न, समोसा आणि पार्किंगमध्ये असतो, कारण त्यातला वाटा कुणाला द्यावा लागत नाही.

वितरक त्याच्या 75 मधून कमिशन आणि खर्च कापून घेतो. कधी त्याने निर्मात्याला आधीच ठोक रक्कम मोजलेली असते. तसं असेल तर सिनेमा पडला की बुडतो तो वितरक, निर्माता नाही. कधी नुसती उचल दिलेली असते, ती कमी पडली तर निर्माता परत करतो. वृत्तपत्रात ‘सिनेमा आपटला’ एवढंच येतं. कुणाच्या डोक्यावर आपटला, हे येत नाही.

या धंद्याचा भूगोलही गंमतीचा आहे. सोलापूर जुन्या मुंबई इलाख्यातलं, म्हणून मुंबई सर्किटात, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात. पाऊण तासावरचं तुळजापूर निजामाच्या राज्यात होतं. 1948 मध्ये ते राज्य संपलं, पण हिंदी सिनेमाच्या व्यापारात मराठवाडा अजून ‘निजाम’ सर्किटात धरतात.

आता चहाच्या टपरीवरचा हिशोब पुन्हा मांडू. हजार कोटी ग्रॉसमधून कर गेला आणि थिएटरांचा जवळपास निम्मा वाटा गेला की वितरण साखळीच्या हाती ढोबळमानाने चारशे ते साडेचारशे कोटी पडतात. हा ठोकताळा आहे, कुठल्याही कंपनीचा ताळेबंद नव्हे. खर्च जर खरोखर सहाशेच्या घरात असेल तर दीडशे-दोनशे कोटींची खिंड अजून बाकी आहे. ती भरतात ओटीटी, टीव्ही आणि संगीताचे हक्क. मोठ्या सिनेमांचे हे हक्क बऱ्याचदा प्रदर्शनाआधीच विकले जातात.

पोस्टरवरच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. भारतात तिकीटविक्रीचा सर्वांना बघता येईल असा तपासलेला हिशोब नाही. निर्माते एक सांगतात, व्यापारी जाणकार दुसरं. तिकिटं घाऊक खरेदी करून आकडा फुगवण्याच्या तक्रारी या धंद्यात अधूनमधून होत असतात. त्यामुळे आकड्याची दिशा बघावी, दशांश चिन्हावर वाद घालू नये.

सोमवारची परीक्षा

पहिल्या दिवसाचा गल्ला चाहते देतात, सोमवारचा देतात सामान्य माणसं. ‘कल्की’ने पहिल्याच दिवशी जगभरात 191.5 कोटी केले, असं निर्मात्यांनी जाहीर केलं. म्हणजे पुढच्या हजाराचा पाचवा हिस्साही तो नव्हता. बाकीची रक्कम जमली ती एकाने बघून दुसऱ्याला सांगितल्यामुळे. आणि ते सांगणं काही निखळ कौतुकाचं नव्हतं. पहिला अर्धा भाग रेंगाळतो, प्रभासचं काम पोरकट वाटतं, गोष्ट अर्धवट सोडलीय, अशी तक्रार समीक्षकांनीही केली आणि प्रेक्षकांनीही. पण त्याच दमात लोक म्हणत होते, शेवटचा तास आणि बच्चन बघच. माझंही मत फारसं वेगळं नाही. कथा म्हणून सिनेमा सैल आहे. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला त्यात मारामारीचा खरा नायक केलंय, आणि तरुण नायक त्याच्यापुढे फिका पडतो तरी दिग्दर्शकाने ते होऊ दिलं.

अशा सिनेमाच्या बाबतीत ‘आवडला का?’ यापेक्षा ‘मोठ्या पडद्यावरच बघायला हवा का?’ हा प्रश्न गल्ला ठरवतो. विनोदी किंवा कौटुंबिक सिनेमा घरी मोबाइलवर बघितला तरी फारसं बिघडत नाही. विज्ञानकथेचा भव्यपणा मात्र तिकीट काढायला लावतो आणि थ्रीडीचं तिकीट तर आणखी महाग. हिंदी पट्ट्यात ‘कल्की’ टिकला तो बराचसा याच कारणाने.

ओटीटीवर तो आला 22 ऑगस्टला, म्हणजे बरोबर आठ आठवड्यांनी. ही मुदत हिंदी आवृत्तीची. देशभरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर पाळणाऱ्या हिंदी सिनेमालाच पडदे देतात. तेलुगू, तमिळ सिनेमे एरवी चार-पाच आठवड्यांतही घरी येतात. हक्कही भाषेप्रमाणे विकले गेले होते. तेलुगू, तमिळ, कन्नड आणि मल्याळम प्राइम व्हिडिओकडे, हिंदी नेटफ्लिक्सकडे. एकाच सिनेमाचा माल दोन गिऱ्हाइकांना विकला, म्हणजे निर्मात्याला दोन चेक. ज्या घरात आजीला तेलुगूच कळतं आणि नातवंडं हिंदीत बघणार म्हणून अडून बसतात, तिथे वर्गणीही दोन ठिकाणी भरावी लागली.